पंख असून न उडणारा पतंग

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला शांततेचा आवाज ठाऊक नसतो. सकाळी डोळे उघडावेत तर लूमची खटखट, रात्री डोळे मिटावेत तरी तीच. आमच्या शाळेच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांची एक शेड आहे. आमची मुले या आवाजातच पाढे म्हणतात, कविता पाठ करतात. लाकडी धोटा ताण्याच्या धाग्यांमधून मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे धावतो, आणि प्रत्येक धावेला एक ठोका पडतो. असे किती तरी माग आमच्या गावात आहेत. सुती कापड निघते, पॉलिएस्टर निघते, रेयॉन निघते. खरे रेशीम मात्र इथे जवळजवळ विणले जात नाही.

म्हणूनच गेल्या पावसाळ्यात वर्गात रेशमाचा धडा चालू असताना आठवीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, आमच्या शेडमध्ये आर्ट सिल्कचे बीम येतात. ते कुठल्या किड्याचे?” त्याचे वडील लूम चालवतात. मी हसलो. आर्ट सिल्क म्हणजे ‘आर्टिफिशियल सिल्क’, कृत्रिम रेशीम. त्यात किडा नाही, असे सांगून टाकले. पण मनातून थोडा वरमलो. कारण खरा रेशीमकिडा मीसुद्धा पुस्तकातल्या चित्रापलीकडे पाहिलेला नव्हता.

माझा मेहुणा बीड जिल्ह्यात तुतीची शेती करतो. त्याला पत्र, म्हणजे आजच्या रीतीप्रमाणे फोन केला. दुसऱ्याच आठवड्यात तो एसटीने एक पुठ्ठ्याचे खोके घेऊन हजर झाला. खोक्यात ओलसर गोणपाटाखाली ट्रे, ट्रेमध्ये तुतीची बारीक चिरलेली पाने आणि पानांवर साठ चिमुकल्या अळ्या. ह्यांना शेतकरी ‘चॉकी’ म्हणतात. अंड्यातून निघून दोनदा कात टाकेपर्यंतचे हे बाळपण फार नाजूक. त्यामुळे पुष्कळ शेतकरी स्वतः अंडी न उबवता चॉकी केंद्रातून वाढवलेल्या अळ्याच विकत आणतात. अंडी विकली जातात ती ‘अंडीपुंजा’च्या हिशेबाने. एक अंडीपुंज म्हणजे एका मादीने घातलेली सगळी अंडी, साधारण चारशे ते पाचशे. एकेक अंडे खसखशीच्या दाण्याएवढे!

जाताना मेहुण्याने बजावले, “दाजी, पान ओले द्यायचे नाही. पुसून द्या. आणि यांना धूर अजिबात चालत नाही बरं का.”

पुढचे काही दिवस आमच्या प्रयोगशाळेत शाळा सुटल्यावरही गर्दी असे. मुलांनी पाळ्या लावल्या. जवळच्या एका बंगल्याच्या आवारात तुतीचे झाड होते, तिथून पाने आणायची, धोतराच्या जुन्या तुकड्याने पुसायची, दिवसातून चार वेळा घालायची. अळी खाते, खाते आणि मध्येच एक दिवस खाणे सोडून मान वर करून स्तब्ध बसते. पहिल्या वेळी मुलांना वाटले, आजारी पडली. पण ती कात टाकायच्या तयारीत असते. तिची त्वचा आपल्यासारखी अंगाबरोबर वाढत नाही. कपडा आखूड झाला की टाकून द्यायचा आणि नवा घालायचा, असा तिचा मामला. अशी चार वेळा कात टाकून ती पाचव्या आणि शेवटच्या अवस्थेला पोचते. अंड्यातून निघाल्यापासून सुमारे पंचवीस दिवसांत तिचे वजन दहा हजार पटींच्या आसपास वाढते. जन्मतः तीन किलो असलेले तुमचे भावंड महिन्याभरात ३० हजार किलोचे झाले, तर काय होईल, कल्पना करा!

एक अळी आयुष्यात सुमारे २० ते २५ ग्रॅम पाने खाते, आणि त्यातली बहुतेक सगळी पाचव्या अवस्थेतल्या सात-आठ दिवसांत. म्हणजे खरी धावपळ शेवटच्या आठवड्यात. एके दुपारी वीज गेली. शेडमधले सगळे माग एकदम थांबले. त्या अनोळखी शांततेत ट्रेवर कान लावून बसलेली एक मुलगी म्हणाली, “सर, पाऊस पडतोय.” बाहेर कोरडे होते. तो अळ्यांच्या पान कुरतडण्याचा आवाज होता. वीज येईपर्यंत आम्ही सारे आळीपाळीने तो ऐकत राहिलो.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. एका संध्याकाळी वह्या तपासत मी प्रयोगशाळेतच उशिरापर्यंत बसलो होतो. डास फार चावत होते. मी डासांची उदबत्ती लावली. मेहुण्याचे शब्द त्या क्षणी आठवले नाहीत. सकाळी येऊन पाहतो तर खिडकीजवळच्या ट्रेमधल्या अळ्या हिरवट पाणी ओकून आखडून पडलेल्या. एकोणीस मेल्या. पान घालायला आलेल्या मुलांना काय झाले ते मी सांगितले. कोणी काही बोलले नाही, तेच जास्त लागले. डासाला मारणारे द्रव्य पतंगाच्या अळीला का सोडील? दोघेही कीटकच. तुतीच्या शेताशेजारी फवारणी झाली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा का येतो, हे मला त्या दिवशी समजले.

उरल्या एक्केचाळीस. त्यांतल्या अडतीस अळ्यांनी कोश केले.

कोश करण्याच्या वेळी अळी खाणे थांबवते, अंग थोडे पारदर्शक, पिवळसर दिसू लागते आणि ती डोके हलवत आधार शोधते. शेतकरी अशा अळ्या उचलून ‘चंद्रिके’वर ठेवतात. चंद्रिका म्हणजे बांबूच्या चटईवर पट्ट्यांची गोल गोल वळणे उभी बसवलेली असतात ती. आम्ही पुठ्ठ्याच्या खणांवर भागवले. अळीच्या शरीरात दोन लांब नागमोडी रेशीमग्रंथी असतात. मुळात त्या लाळेच्याच ग्रंथी. पण पाचव्या अवस्थेत त्या इतक्या वाढतात की शरीराचा मोठा भाग त्याच व्यापतात. दोन्ही ग्रंथींतून फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचे एकेक तंतू येतात, वाटेत त्यांवर सेरिसिन नावाच्या डिंकाचा लेप चढतो, आणि खालच्या ओठाशी असलेल्या बारीक छिद्रातून दोघे चिकटून एक धागा होऊन बाहेर पडतात. अळी डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत तो धागा स्वतःभोवती लावत जाते. सुमारे तीन दिवस हे काम चालते. धागा एक किलोमीटर धरला तर हिशेब करून पाहा: तासाला चौदा मीटर, सेकंदाला सुमारे चार मिलिमीटर. आमच्या शेडमधल्या धोट्यापुढे हा वेग काहीच नाही. पण इथे कच्चा माल, कारखाना आणि कामगार एकच!

कोशात अळी पुन्हा एकदा कात टाकते आणि तिचा प्यूपा होतो, तपकिरी, हातपाय नसल्यासारखा. आता कोश कानाशी हलवला तर आत काही तरी खुळखुळते. ह्या खुळखुळण्याची एक गंमत आहे. १८६५ साली फ्रान्सच्या दक्षिण भागात रेशीमकिड्यांवर मोठी साथ आली होती. अळ्यांच्या अंगावर काळे ठिपके पडत, मिरपूड भुरभुरल्यासारखे. तिकडच्या बोलीत मिरीला ‘पेब्रे’ म्हणतात, म्हणून रोगाचे नाव ‘पेब्रिन’. सरकारने लुई पाश्चर यांना पाठवले. कीटकतज्ज्ञ फाब्र यांनी लिहून ठेवले आहे, की पाश्चर त्यांच्याकडे आले, एक कोश कानाशी धरून हलवला आणि आश्चर्याने विचारले, आत काही आहे की काय! ज्याला कोशात प्यूपा असतो हेही ठाऊक नव्हते, त्याच माणसाने पाच वर्षांत रोग आटोक्यात आणण्याची रीत शोधली. हा रोग मादीकडून अंड्यांत उतरतो, हे त्यांनी दाखवले. मग उपाय सोपा: मादीने अंडी घातली की तिला कुटून तो रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, रोगाचे चमकदार कण दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करायची. आजही अंडी केंद्रांत हीच तपासणी होते. मेहुण्याच्या ‘रोगमुक्त अंडीपुंजां’मागे पाश्चर उभे आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच काळात पेब्रिनच्या अभ्यासाशी संबंध आलेला शार्दोने नावाचा फ्रेंच तरुण अळीचे छिद्र पाहून विचार करत होता: हे काम यंत्राने का होऊ नये? १८८४ साली त्याने कृत्रिम रेशमाचे पेटंट घेतले. लाकूड-कापसातल्या सेल्युलोजवर रासायनिक क्रिया करून केलेला घट्ट द्राव त्याने बारीक छिद्रांतून दाबून काढला. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात हे कापड लोकांनी पाहिले. ते फार चटकन पेट घेई, हा त्याचा मोठा दोष. पुढे विस्कोसची रीत निघाली आणि ‘रेयॉन’ हे नाव रूढ झाले. आपल्या कल्याणजवळच्या शहाडला रेयॉनचा मोठा कारखाना आहे. तेव्हा त्या आठवीतल्या मुलाला मी दिलेले उत्तर अर्धेच बरोबर होते. आर्ट सिल्कमध्ये किडा नाही, पण ती युक्ती किड्याचीच.

आता आमच्या अडतीस कोशांचे काय करायचे?

वर्गात जे झाले ते मी ठरवले नव्हते. मी सांगितले, की रेशीम काढायचे तर पतंग बाहेर पडण्यापूर्वी कोश वाफेवर किंवा गरम हवेत ठेवून आतला जीव मारावा लागतो. मग गरम पाण्यात सेरिसिन मऊ करून धाग्याचे टोक काढायचे. पतंग तोंडातून क्षारयुक्त रस सोडतो, कोशाचे एक टोक भिजवून सैल करतो आणि धागे सारून बाहेर येतो. असा कोश मग अखंड उलगडत नाही. “पण सर,” एकीने विचारले, “तुकडे जोडून नाही का घेता येणार?” उत्तर मी देण्याआधीच लूमवाल्याचा मुलगा म्हणाला, “तुटका धागा लूमवर चालत नाही. बाबा म्हणतात, एक धागा तुटला की लूम थांबवावी लागते.” तुकड्यांचे रेशीम कातून सूत निघते, पण ते अखंड धाग्यासारखे तलम नसते. सात-आठ किलो कोशांतून सुमारे एक किलो कच्चे रेशीम मिळते. एका किलोत पाच-साडेपाचशे कोश धरले, तर एका किलो रेशमामागे चारेक हजार प्यूपे. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर वर्गात बराच वाद झाला. एक मुलगा म्हणाला, सरांच्या मेहुण्यांचे घर ह्यावरच चालते. तेही खरे होते. पूर्वी त्याला कोश विकायला कर्नाटकात रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ साली जालन्यात कोशांची बाजारपेठ सुरू झाली तेव्हा त्याने पेढे वाटले होते. मी दहा कोश मागत होतो. मुलांनी एक दिला.

तो एक कोश आम्ही गरम पाण्यात टाकला, काडीने ढवळून टोक शोधले आणि पाटीभोवती धागा गुंडाळू लागलो. पाटीचा घेर ५० सेंटिमीटर होता. एक जण गुंडाळतो, एक मोजतो. दोनदा धागा तुटला, दोनदा टोक सापडले. धागा डोळ्यांना जेमतेम दिसतो. आपल्या केसाच्या तिसऱ्या हिश्शाइतका बारीक. दोन तासांनी आकडा १,९०० झाला आणि आत प्यूपा दिसू लागला. ९५० मीटर! सात-आठ कोशांचे धागे एकत्र घेतात तेव्हा कुठे विणण्याजोगे सूत तयार होते. मुलांनी तो प्यूपा तुतीच्या झाडाखाली पुरला.

राहिलेल्या सदतीस कोशांतून बाराव्या-तेराव्या दिवशी पतंग बाहेर येऊ लागले. पांढुरके, लवदार, जाड पोटाचे. त्यांना खायला घालायची मुलांची धडपड व्यर्थ होती, कारण ह्या पतंगाची तोंडाची इंद्रिये खुरटलेली असतात. अळीने खाल्ले त्यावरच त्याचे सगळे भागायचे. नर मात्र बाहेर आल्याबरोबर पंख फडफडवत मादीच्या दिशेने गोल गोल नाचू लागले. तिला न पाहता! कारण मादीने सोडलेला गंध. हा गंध म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी १९५९ साली शोधले. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा कराव्या लागल्या आणि हाती आले ते काही मिलिग्रॅम. कीटकांच्या गंधसंदेशांपैकी रासायनिक रीत्या ओळखला गेलेला हा पहिला. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘बॉम्बिकॉल’.

हे नाव सांगताच प्रश्न आला, “बॉम्बेवरून का, सर?” बॉम्बे काही आम्हाला दूर नाही! पण नाही. रेशीमपतंगाचे शास्त्रीय नाव ‘बॉम्बिक्स मोरी’, आणि हा पदार्थ अल्कोहोल वर्गातला, म्हणून बॉम्बिकॉल. ‘मोरी’चा आपल्या न्हाणीघराशी संबंध नाही, लॅटिनमध्ये तुतीला ‘मोरुस’ म्हणतात, ‘मोरी’ म्हणजे तुतीचा. १७५८ साली लिनियसने हे नाव दिले. ‘बॉम्बिक्स’ हा ग्रीक शब्द त्याहून पुष्कळ जुना. अॅरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या ग्रंथात एका कीटकाचे वर्णन केले आहे, ज्याचे कोश बायका उलगडतात. आणि कोस बेटावरच्या पाम्फिले नावाच्या स्त्रीने असे कापड प्रथम विणले, असे तो सांगतो. तो कीटक बहुधा चीनमधला नव्हेच, भूमध्य समुद्राकाठचा कोणी तरी रानटी पतंग. म्हणजे एकाचे नाव दुसऱ्याला गेले. पुढे हाच शब्द घसरत घसरत कापसालाही लागला. काटेसावरीच्या बोंडांतून कापूस उडतो ना? तिचे शास्त्रीय नाव ‘बॉम्बॅक्स’. आणि इंग्रजीत पोकळ, फुगवलेल्या भाषणाला ‘बॉम्बॅस्ट’ म्हणतात. मुळात तो अंगरख्यात भरायचा कापूस! कोशाच्या डिंकाचे ‘सेरिसिन’ हे नाव मात्र ‘सेरेस’वरून आले. पूर्वेकडच्या रेशीमवाल्या लोकांना ग्रीक लोक ह्या नावाने ओळखत.

आपल्याकडेही शब्दांची कमतरता नाही. पाणिनीने ‘कौशेय’ हा शब्द ‘कोश’ वरून साधला आहे, म्हणजे वस्त्र कोशापासून होते हे त्याच्या काळी ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कौशेयाबरोबर ‘चीनपट्ट’ येतो. त्यातला ‘पट्ट’ पाटाव ह्या शब्दात शिल्लक आहे. कामतघरकडून येणाऱ्या आमच्या तेलुगुभाषक मुलांच्या घरी तर रेशमाला आजही ‘पट्टु’ म्हणतात. ‘रेशीम’ हा शब्द फारसीतून आलेला.

पण माझा आवडता शब्द आहे तसर, म्हणजेच टसर. विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर हा रानटी रेशीमपतंग वाढतो. ढिवर समाजाचे लोक झाडांवर अळ्या सोडतात आणि पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या ह्यांच्यापासून राखण करत बसतात; गलोल हाताशी असते. कोशाला ते ‘कोसा’ म्हणतात. कोसा फांदीला देठाने फळासारखा लटकतो, आणि इतका कठीण असतो की बोटाने दाबला जात नाही. भंडाऱ्याकडची ‘करवतकाठी’ साडी ह्याच रेशमाची. आता ‘तसर’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ काय असेल? ऋग्वेदात तो आला आहे, आणि तिथे त्याचा अर्थ आहे धोटा! कोशाचा आकार धोट्यासारखा, म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

मी हे सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी तो मुलगा वडिलांकडून एक झिजलेला धोटा घेऊन आला. माझ्याकडे गडचिरोलीहून आणलेला एक कोसा होता. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. वर्गाने निरखून पाहिले. “सर, हा अंड्यासारखा आहे, आणि धोटा होडीसारखा!” मला कबूल करावे लागले. ऋग्वेदकाळचा धोटा आमच्या भिवंडीच्या धोट्यासारखा असण्याचे कारण नाही, एवढेच मी म्हणू शकलो. मला स्वतःला वाटते, अळीचे इकडून तिकडे धावणारे डोके पाहूनही कुणाला धोटा सुचला असेल. हा फक्त माझा तर्क, व्याकरणकारांपुढे मांडायचा नाही.

एका संध्याकाळी मुलांनी हट्ट धरला: पतंगांना सोडून देऊ या. गच्चीवर गेलो. एकाने नर पतंग तळहातावर घेतला आणि हात उंच केला. पतंगाने पंख फडफडवले, फार जोराने, आणि जागच्या जागी फिरला. पुन्हा हात उंच केला. तो कठड्यावर उतरला आणि चालू लागला. गडचिरोलीचा तसर पतंग रात्रीच्या जंगलात उडत मादी शोधतो. तुतीच्या पतंगाचा रानटी भाऊ चीन-जपानमध्ये अजून उडतो. हा मात्र सुमारे पाच हजार वर्षे माणसाच्या ट्रेमध्ये वाढला. जाड पोटाचे, न पळणारे, मोठा कोश करणारे तेवढे माणसाने निवडले. अळीसुद्धा पान शोधायला ट्रेबाहेर जात नाही. “मग ह्याला सोडायचे कुठे?” कठड्यावरचा पतंग उचलून घेत त्या मुलाने विचारले. आम्ही सगळे खाली प्रयोगशाळेत परत आलो.

आठवड्याभरात पतंग एकेक करून मेले. माद्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर अंडी घातली होती, आधी पिवळी. तीन-चार दिवसांत बहुतेक पाटीसारखी करडी झाली. जी पिवळीच राहिली ती निकामी. करडी अंडी थंडी सोसून मगच उबतात, म्हणून तो कागद घडी घालून डब्यात आमच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवला आहे, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. घरच्यांना ते फारसे पसंत नाही. तुतीच्या झाडाची छाटणी झाली आहे. नवी पाने आली की मुले डबा मागायला येणार आहेत. डासांची उदबत्ती मात्र प्रयोगशाळेच्या कपाटातून कुणी तरी आधीच नेऊन टाकली आहे.